सवाईला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून निघा

दरवर्षी नोव्हेंबर लागला की पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाबद्दल कोणीतरी हमखास विचारतंच, "आम्हाला रागातलं काही कळत नाही, तरी सवाईला आलो तर चालेल का?" चालेल काय, याच! मांडवात बसलेल्या निम्म्या लोकांना तुमच्यापेक्षा फार जास्त कळत नसतं, फक्त मान कुठे हलवायची ते एवढ्या वर्षांत सवयीने जमलेलं असतं. पण नवख्या माणसाचं एक होतं. पहिल्या दिवशी उत्साहात दुपारी तीनपासून बसतो, तिसऱ्या कलाकारापर्यंत पाठ आणि डोकं दोन्ही दुखायला लागतं, मग "छान असतं पण आपल्याला झेपत नाही बुवा" म्हणून तो परत कधी येतच नाही. तसं तुमचं होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. माझं म्हणणं एकच आहे, सगळं ऐकायचा हट्ट सोडा आणि दिवसातला एकच कलाकार पण पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत ऐका, बाकी सगळं बोनस.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सवाई गंधर्व म्हणजे पंडित रामभाऊ कुंदगोळकर, उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, किराणा घराण्याचे मोठे गवई. ते १९५२ मध्ये गेले आणि १९५३ पासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात हा उत्सव सुरू केला, आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. २०११ मध्ये भीमसेनजी गेले, त्यानंतर नाव झालं सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, पण बोलताना सगळे अजूनही नुसतं "सवाई"च म्हणतात. कितीतरी वर्षं तो रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा, २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात होतो. त्यामुळे एखाद्या काकांनी तुम्हाला "शनिवार पेठेत ये" असं सांगितलं तर समजून घ्या की काका मनाने अजून रमणबागेतच आहेत.

तिकीट कुठलं काढायचं

महोत्सव साधारण डिसेंबरच्या मध्यावर असतो, बुधवार ते रविवार असे पाच दिवस. तारखा नि कलाकारांची यादी काही आठवडे आधी पेपरात येते. सीझन तिकीट म्हणजे पाचही दिवसांचं आणि रोजचं वेगळं, असे दोन प्रकार. पहिल्यांदा जाणाऱ्याने सीझन तिकीट काढूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मग पैसे वसूल करायचे म्हणून माणूस पाच दिवस जातो आणि पाचव्या दिवशी त्याला तानपुऱ्याचाच कंटाळा येतो. दोन दिवस निवडा. एक आठवड्यातला, त्या दिवशी गर्दी कमी असते, आणि एक शनिवार किंवा रविवार, म्हणजे सवाईची जत्रा काय असते तेही कळेल.

बसायला खुर्ची की भारतीय बैठक हा पुढचा प्रश्न. गुडघे धड असतील तर डोळे झाकून भारतीय बैठक घ्या. तिकीट स्वस्त असतं हे तर आहेच, पण खरी गंमत वेगळी आहे, खाली बसलं की मांडी बदलता येते, पाय पसरता येतात, मागे टेकता येतं (शेजारी कोण आहे त्यावर अवलंबून), आणि आजूबाजूला ऐकणारी माणसं मिळतात. खुर्चीवर बसलेला माणूस एकटा असतो. पण घरातल्या आजी-आजोबांना घेऊन जाणार असाल तर सरळ खुर्चीच घ्या, तिथे हौस नको.

जायच्या आधीच्या आठवड्यात

हे कोणी करत नाही म्हणून जरा खोलात सांगतो. तुम्ही ज्या दिवशी जाणार त्या दिवसाच्या कलाकारांची नावं काढा, साधारण चार-पाच असतात. त्यातला एक गाणारा निवडा. यूट्यूबवर त्याचं किंवा तिचं एखादं पूर्ण रेकॉर्डिंग ऐका, अर्धा-पाऊण तासाचं, दहा मिनिटांची क्लिप नाही. समजलं नाही तरी चालेल. एवढ्यासाठीच ऐकायचं की तो आवाज ओळखीचा होईल, मग मांडवात हजारो लोकांमध्ये स्टेजवर कोणी ओळखीचं माणूस बसलंय असं वाटतं.

दुसरं म्हणजे एक ताल शिकून घ्या. खरंच, एकच. तीनताल घ्या, सोळा मात्रा म्हणजे सोळा ठोके, धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात बाजूला उघडायचा, ती काल किंवा खाली. पहिली मात्रा म्हणजे सम. कुकर लावताना, बसची वाट बघताना हे हातावर म्हणत राहा, दोन दिवसांत बसतं. राग ओळखायला वर्षं जातात, पण सम पकडायला आठवडा पुरतो, आणि मैफलीतली अर्धी मजा सम पकडण्यातच आहे हे तुम्हाला तिथे गेल्यावर कळेल.

वेळ असेल तर अजून एक. दुपारपासून रात्रीपर्यंत राग कसे बदलत जातात त्याचा अंदाज घ्या. दुपारी सुरुवातीला भीमपलास, मुलतानी, मधुवंती, पटदीप यातलं काही ऐकू येण्याची शक्यता जास्त. सूर्य बुडायच्या सुमाराला मारवा, श्री, पूरिया धनाश्री, त्या वेळी मांडवात जरा बेचैन वाटतं, ते राग तसेच आहेत. मग यमन, शुद्ध कल्याण. नंतर बिहाग, बागेश्री, जोग वगैरे. पूर्वी मैफली पहाटेपर्यंत चालायच्या तेव्हा रात्रीचे उशिराचे आणि पहाटेचे रागही निवांत ऐकायला मिळायचे, आता लाऊडस्पीकरच्या नियमामुळे दहाला आवरावं लागतं, एखाद्या दिवशी, बहुतेक शनिवारी, बारापर्यंत परवानगी मिळते. म्हणून दरबारी, मालकंस ऐकायची फार इच्छा असेल तर तो बारापर्यंतचा दिवस धरा. आणि रविवारी कार्यक्रम दुपारी लवकर सुरू होतो, तेव्हा सारंगाचे प्रकार कानावर पडू शकतात. ललत, तोडी, अहिरभैरव यांच्यासाठी मात्र दिवाळी पहाट किंवा सकाळच्या मैफलीच शोधाव्या लागतात.

पिशवीत काय

शाल. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, शाल नाही. दुपारी तीनला आत शिरताना ऊन असतं आणि लोक तुमच्या हातातल्या शालीकडे बघून हसतात, आठनंतर तेच लोक तुमच्याकडे हेव्याने बघतात. पुण्यातली डिसेंबरची थंडी जमिनीतून वर येते, म्हणून बैठकीत बसणार असाल तर एखादी जाड चादर किंवा घडीची सतरंजी घ्या, पायात मोजे घाला. पाठीचा त्रास असेल तर छोटी उशी. धुळीची ॲलर्जी असेल तर रुमाल किंवा मास्क, कारण शेवटी मैदान आहे ते. चपला काढायची वेळ येणारच तेव्हा नवे कोरे बूट घालून येऊ नका, आणि काढलेल्या चपला पिशवीत घालून जवळ ठेवा, दहा वाजता अंधारात आपली चप्पल शोधणं हा एक वेगळाच राग आहे.

खोकला असेल तर खडीसाखर, लवंग जवळ असू दे. विलंबित, म्हणजे अगदी संथ, आलाप चालू आहे, सगळा मांडव गप्प आहे आणि तुम्हाला उबळ आली, यासारखी परीक्षा नाही. कुरकुरीत पाकिटं मात्र आणू नका! वेफर्सचं पाकीट उघडल्याचा आवाज मंद्र सप्तकावर, म्हणजे खालच्या सुरांवर, स्पष्ट ऐकू येतो.

पोचायचं कसं आणि बसायचं कुठे

गाडी शक्यतो नकोच. मुकुंदनगरच्या गल्ल्या त्या दिवसांत भरून जातात आणि पार्किंग शोधण्यात पहिला कलाकार निम्मा संपतो. स्वारगेटपर्यंत पीएमटीने किंवा मेट्रोने या (हो हो, पीएमपीएमएल, पण आम्ही पीएमटीच म्हणणार), तिथून रिक्षा किंवा पाय मोकळे करत चालत. परत जाताना शेवटच्या मेट्रोची वेळ आधीच बघून ठेवा, विशेषतः बारापर्यंतच्या दिवशी. त्या दिवशी बाहेर रिक्षावाले जो भाव सांगतात तो ऐकून गाण्याची सगळी नशा उतरते.

बैठकीत जागा धरायची असेल तर कार्यक्रमाच्या निदान पाऊण-एक तास आधी पोचा. आत गेल्यावर लगेच सगळ्यात पुढे धावू नका. पुढून कलाकाराचे हावभाव दिसतात, पण आवाजाचा तोल मधे बसल्यावर जास्त चांगला मिळतो. मोठ्या स्पीकरच्या बरोबर समोर तर अजिबात बसायचं नाही, तिथे तबला छातीत वाजतो. वाटेच्या कडेला बसलात तर सारखी ये-जा, आणि मधोमध बसलात तर स्वतःला उठताना वीस गुडघे ओलांडायचे, तेव्हा आपला चहाचा आणि बाकीचा हिशोब बघून काय ते ठरवा. आणि एक माणूस सहा जणांची चादर पसरून बसलेला दिसला तर भांडू नका, नम्रपणे विचारा, "इथे कोणी आहे का हो?" तिसऱ्यांदा विचारल्यावर तो सरकतो.

आता खरं काम, ऐकणं

कलाकार स्टेजवर येतात, पडदा वगैरे काही नाही, मग दहा मिनिटं नुसती ठाकठूक. तबलेवाला हातोडीने तबला मिळवतोय, मागे दोन तानपुरे लागतायत, माईकवाल्याला खुणा चालल्यात, "मॉनिटरमध्ये तानपुरा वाढवा". नवखी माणसं या वेळात मोबाईल काढतात. काढू नका. डोळे मिटून त्या तानपुऱ्याकडे लक्ष द्या, पुढचा तासभर सगळं त्याच सुरावर उभं राहणार आहे आणि कानात तो आधीच मुरला की गाणाऱ्याचा पहिला सा लागला ना की अंगावर काटा येतो. मागे तानपुऱ्यावर बसलेली मुलं-मुली बहुतेक वेळा गाणाऱ्याचे शिष्य असतात, मधेच गुरूने खूण केली की तेही दोन जागा, म्हणजे सुरांचे छोटे तुकडे, गातात, तेव्हा गुरूच्या चेहऱ्याकडे बघा, मजा असते.

मग सुरू होतो बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं मुख्य गाणं. बहुतेक लोकांचा इथेच धीर सुटतो. विलंबित एकताल असेल तर बारा मात्रा, पण इतक्या संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पूर्ण व्हायला मिनिटभरही लागू शकतं, आणि तुम्हाला वाटतं काहीच घडत नाहीये. घडत असतं. गाणारा खालच्या सुरांपासून सुरुवात करतो, एकेका सुरावर थांबतो, त्याच्याभोवती फिरतो, मग पुढचा सूर दाखवतो. तुम्ही एवढंच करा, सगळ्यात वरचा सूर आत्ता कुठपर्यंत गेलाय त्यावर लक्ष ठेवा. हळूहळू चढत चढत तो वरच्या सा पर्यंत येतो, कितीतरी वेळ जवळ जातो आणि परत फिरतो, आणि मग एकदाचा तो तार षड्ज लागतो तेव्हा आख्खा मांडव श्वास सोडतो. ते कळायला रागाचं नाव माहीत असावं लागत नाही.

सम कशी पकडायची? बंदिशीचा, म्हणजे बांधलेल्या गाण्याचा, जो मुखडा (सुरुवातीचा तुकडा) परत परत येतो त्याच्या एका अक्षरावर जोर पडतो, तिथे तबल्यावर ठोस ठोका येतो आणि आजूबाजूच्या माना एकदम खाली जातात. ती सम. पहिली चार-पाच आवर्तनं सरळ शेजाऱ्यांच्या माना बघून शिका, लाजायचं काही नाही. एकदा सापडली की मग गाणारा कितीही लांब भरकटला तरी "आता हा वेळेत कसा परत येणार" ही उत्सुकता लागते, आणि तो आला की तोंडातून वा निघतोच.

त्यानंतर छोटा ख्याल किंवा द्रुत (जलद) बंदिश, लय वाढते, ताना सुरू होतात, कदाचित तराणा, म्हणजे अर्थ नसलेल्या बोलांचं गाणं. तुम्ही शिकलेला तीनताल इथे हातावर धरता येतो. एकेका कलाकाराला साधारण तासभर मिळतो, त्यातला मोठा भाग मुख्य रागाला, मग एखादा दुसरा छोटा राग, आणि शेवटी ठुमरी, नाट्यगीत किंवा अभंग. पुण्यात अभंग सुरू झाला की टाळ्यांचा ताल धरणारी मंडळी जागी होतात. मला ते फारसं आवडत नाही, पखवाज ऐकूच येत नाही मग, पण तो उत्साह अडवणं कोणालाच जमलेलं नाही.

वाद्यवादन असेल, म्हणजे सतार, सरोद, बासरी, संतूर, तर आधी तबल्याशिवाय संथ आलाप, मग लय धरणारा जोड, मग जलद झाला असं चालतं आणि तबलजी तोवर मांडीवर हात ठेवून बसलेला असतो. त्याला बघून "हा का वाजवत नाही" असं मोठ्याने विचारू नका, हे मी मांडवात खरंच ऐकलंय. नवख्या कानाला वाद्य जास्त सोपं जातं असं बरेच जण म्हणतात, कारण शब्द कळायची भानगड नसते, तर पहिल्या दिवसाचा तुमचा एक कलाकार वादक ठेवलात तरी उत्तम.

दाद

इंग्रजी गाण्याच्या कॉन्सर्टसारखं शिट्ट्या-किंकाळ्या नाही, आणि सभागृहासारखं शेवटपर्यंत चिडीचूपही नाही. चांगली जागा आली तर वा, क्या बात, किंवा नुसता हलकासा च्च, सगळं चालतं. तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेणं, बरोबर समेवर आली की टाळ्या पडतात. शंका असेल तर गप्प राहा, न दिलेली दाद कोणाला खटकत नाही, चुकीच्या जागी दिलेली खटकते. फर्माईश ओरडून करू नका. मधे उठायचं असेल तर दोन रागांच्या मधे उठा. मोबाईल सायलेंट, आणि रेकॉर्डिंग नाही, तशी सूचना स्टेजवरूनही होते, तरी कोणीतरी हात उंच करून चमकणारा स्क्रीन धरतोच आणि मागच्या दहा जणांना तो एक उजेड तासभर सोसावा लागतो. तुम्ही तो माणूस होऊ नका म्हणजे झालं.

लहान मुलांना आणायचं का? आणा, पण संध्याकाळी तास-दीड तासासाठी, कडेला बसा, आणि पोरगं कंटाळलं की बाहेर स्टॉलकडे न्या. तिथे वडापाव, साबुदाणा खिचडी, चहा-कॉफी सगळं असतं. भूक लागली की कलाकार बदलायच्या वेळी सगळा मांडव एकदम बाहेर येतो, म्हणून खायला आधीचा कलाकार चालू असतानाच जा, म्हणजे जो तुम्ही निवडलेला नाही तो. फोटोंचं प्रदर्शन असतं तेही तेव्हाच निवांत बघून होतं.

शेजारी बसलेल्यांशी बोला

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं खरं तर. सवाईला अशी माणसं येतात जी वर्षानुवर्षं येतायत, कोणी सांगली-मिरजेहून, कोणी धारवाड-हुबळीहून, पाच दिवस नातेवाइकांकडे मुक्काम ठोकून. मधल्या वेळात त्यांना फक्त एवढं विचारा, "काका, तुम्ही पहिल्यांदा कधी आलात?" बस्स. मग रमणबागेतली थंडी, पहाटे संपणाऱ्या मैफली, सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगलांचा तो आवाज, त्यांचेच शिष्य फिरोज दस्तुरांना दरवर्षी होणारी "गोपाला"ची फर्माईश, शेवटच्या दिवशी भीमसेनजी कधी गायला बसतात म्हणून ताटकळलेले लोक, नंतर गायिका प्रभाताई अत्रेंनी समारोपाला गाणं, सगळं बाहेर येतं. यातलं थोडं वाढवून सांगितलेलं असतं. असू दे. "आता ते राहिलं नाही" हे वाक्य पण येणारच, त्यावर वाद घालू नका आणि मनालाही लावून घेऊ नका, हे वाक्य त्या काकांनी त्यांच्या काकांकडूनच ऐकलेलं आहे.

तुम्हालाही नंतर कोणाला सांगायचं असेल तर घरी जाऊन, झोपायच्या आधी, चार ओळी लिहून ठेवा. कलाकार, राग (घोषणा होते, नाही ऐकू आली तर शेजारी विचारा), साथीला कोण, आणि कुठली जागा आवडली. "अप्रतिम, स्वर्गीय, शब्दच नाहीत" असलं नको, ते सगळेच ग्रुपवर टाकतात. "आलाप वरच्या सा पर्यंत यायला इतका वेळ लावला की मागची बाई ये ये म्हणायला लागली", हे असं लिहा. पुढच्या वर्षी वाचताना मैफल परत ऐकू येते, आणि ग्रुपवरचा एखादा जाणता माणूस त्यावर सांगतो की अरे तो कोमल रिषभ (म्हणजे थोडा उतरलेला रे) होता, आणि तुमचं शिक्षण आपोआप चालू होतं.

रविवारी शेवट झाल्यावर

शेवटच्या दिवशी शेवटचं गाणं संपलं की लोक पार्किंगकडे धावतात. थांबा जरा. समारोपाला सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी रेकॉर्ड लावायची प्रथा आहे, ज्यांच्या नावाने पाच दिवस बसलात त्यांचा आवाज ऐकून मग निघा. गर्दीही तोवर ओसरते.

आणखी एक, पुण्याबाहेरून येऊन राहणार असाल तर सकाळचा वेळ वाया घालवू नका. शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात महोत्सवाच्या सुमाराला "षड्ज" या नावाने संगीतावरचे माहितीपट आणि "अंतरंग" मध्ये कलाकारांशी गप्पा असे कार्यक्रम असतात, राहुल टॉकीजच्या मागे. तिथे गर्दी कमी, आणि स्टेजवर लांबून दिसणारा माणूस समोर बसून आपल्या गुरूबद्दल साध्या भाषेत बोलतो. वेळापत्रक पेपरात बघून घ्या.

गोडी लागली तर पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबायची गरज नाही. पुण्यात वसंतराव देशपांड्यांच्या स्मृतीत वसंतोत्सव असतो, गोव्यात कला अकादमीचा केसरबाई केरकर समारोह असतो, कर्नाटकात खुद्द कुंदगोळलाही सवाई गंधर्वांच्या नावाने मैफली होतात, आणि जानेवारीत कोलकात्याला डोव्हर लेन संगीत संमेलन. पण खरं सांगायचं तर आपल्याच गावात एखाद्या संगीत मंडळाची महिन्याची बैठक असते, पन्नास माणसं, माईक असला तर असला, गाणारा चार हातांवर बसलेला. बऱ्याच ठिकाणी तिकीटही नसतं. तिथे पुढच्या रांगेत बसा, चालतं.